बिग स्टारचा तिसरा अल्बम : रीइश्यू म्हणजे नेमकं काय?

हॉस्टेलमध्ये रॉक म्हटलं की पिंक फ्लॉइड, मेटॅलिका नाहीतर लिंकिन पार्क. बिग स्टार हे नाव सहसा निघत नाही. म्हणूनच आज या बँडच्या सत्तरच्या दशकातल्या शेवटच्या अल्बमचा थोडा अभ्यास करू.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९७१ मध्ये अ‍ॅलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स हे चौघे एकत्र आले. बँडचं नाव घेतलं एका सुपरमार्केटवरून! १९७२ चा पहिला अल्बम समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण वितरणाच्या घोळामुळे तो दुकानात मिळेना. १९७४ च्या दुसऱ्याचीही तीच गत. बेल आणि हमेल बाहेर पडले. उरलेल्या दोघांनी निर्माते जिम डिकिन्सन यांच्यासोबत १९७४ मध्ये आर्डेंट स्टुडिओत तिसरा अल्बम रेकॉर्ड केला. तो घ्यायला कंपनीच मिळाली नाही आणि बँड संपला. अल्बम बाजारात आला थेट १९७८ मध्ये.

आता मुद्द्याकडे येऊ. स्टुडिओत गिटार, ड्रम्स, आवाज हे टेपच्या वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतात. त्यांचा तोल साधून दोन चॅनल करणं म्हणजे मिक्सिंग. मग गाण्यांचा क्रम, मधली शांतता आणि आवाजाची पातळी ठरवतात, ते मास्टरिंग. चांगला रीइश्यू म्हणजे जुन्या तबकडीची कॉपी नव्हे, तर मूळ टेपकडे परत जाणं.

पण इथे गंमत अशी की बँडने गाण्यांचा शेवटचा क्रम कधी पक्का केलाच नव्हता. नावसुद्धा नाही. कुणी ‘थर्ड’ म्हणतं, कुणी ‘सिस्टर लव्हर्स’. १९९२ मध्ये रायकोडिस्क कंपनीने १९ गाणी वेगळ्या क्रमाने काढली. २०१६ मध्ये ऑम्निव्होरने तीन सीडींचा संच काढला. त्यात डेमो, कच्चे मिक्स, पक्के मिक्स धरून ६९ ट्रॅक आहेत. मग खरा अल्बम कुठला? माझ्या मते प्रत्येक रीइश्यू हे एक संपादन आहे, अंतिम उत्तर नाही.

वाईट एवढंच वाटतं की बेल १९७८ मध्ये अपघातात गेला, चिल्टन आणि हमेल २०१० मध्ये. २०१६ चा संच बघायला चौघांपैकी एकटा स्टीफन्स उरला होता.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे ना! ही गाणी वाचली कारण स्टुडिओने टेप जपून ठेवल्या. आपल्या फायनल इयर प्रोजेक्टचं काय होतं? कोड कुणाच्या तरी लॅपटॉपवर, ड्रॉइंग हरवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये, आणि पुढच्या बॅचला मिळतं फक्त बाइंडिंग केलेलं रिपोर्टचं पुस्तक. काम आज कुणी विचारलं नाही तरी चालेल, पण नाव, तारीख आणि व्हर्जन लिहून ते नीट ठेवा. उद्या कुणाला ते पुन्हा उघडावंसं वाटलं, तर निदान सापडलं तरी पाहिजे!