विजेची गिटार का घुमते?

घुमट वाजू लागले म्हणजे त्याच्या मातीच्या पोटातील हवा घुमते, हे गोव्यातील मुलाला शिकवावे लागत नाही. लाकडी पेटीची साधी गिटारही याच न्यायाने बोलते. परंतु विजेच्या गिटारीचे पोट बहुधा भरीव असते. तिच्या तारा नुसत्या छेडल्या, तर शेजारी बसलेल्यालाही त्या जेमतेम ऐकू येतात. असे असता, तारेला कोणी हातही लावलेला नसताना तिच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून एकसारखा घूंऽऽ असा आवाज निघत राहावा, हे नवलच म्हणावयाचे. गेल्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत हे नवल आमच्या वाट्यास आले. दहावीतील एका विद्यार्थ्याने आपल्या थोरल्या भावाची गिटार आणली होती. आणि त्या घुमण्यापुढे त्याचे वादन म्हणजे गिरणीच्या दाराशी बसून केलेले गायन झाले होते. तो दोष शोधता शोधता आम्हांस जे उमगले, ते विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे लिहीत आहोत.

प्रथम हे वाद्य बोलते कसे, ते पाहू. तारांच्या खाली ‘पिकअप’ नावाचा भाग असतो. लोहचुंबकांभोवती तांब्याच्या अतिबारीक तारेचे वेटोळे, एवढीच त्याची रचना. ही तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची असून तिचे वेढे कित्येक हजार असतात. १९५४ मध्ये निघालेल्या फेंडर कंपनीच्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटारीच्या सुरुवातीच्या पिकअपांत ते ८००० च्या आसपास असत. आमच्यासमोरील गिटार याच घाटाची होती. पोलादी तार चुंबकावर थरथरली की वेटोळ्यातील चुंबकीय प्रवाह कमीअधिक होतो आणि फॅरेडेने १८३१ मध्ये दाखविलेल्या नियमाप्रमाणे वेटोळ्यात विद्युत्दाब उत्पन्न होतो. हा दाब फार तर एका व्होल्टाच्या दशांशाच्या घरात असतो. अ‍ॅम्प्लिफायर त्याला वाढवून स्पीकर हलविण्याजोगा करतो. आता, जे वेटोळे तारेची इतकी सूक्ष्म थरथर टिपते, ते भिंतीतील वायरिंग, ट्यूबलाइटचा चोक, अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर यांच्याकडे कानाडोळा कसा करील? आपल्या घरातील वीज सेकंदास ५० वेळा मागेपुढे होते. त्या ५० चा आणि त्याच्या १००, १५० अशा पटींचा मिळून जो नाद होतो, तोच हा घुमारा. ज्यांना स्वरज्ञान आहे त्यांनी सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरील स्वर वाजवून पाहावा. त्याची कंपनसंख्या ९८ आहे आणि घुमाऱ्यातील १०० चा अंश त्याच्या अगदी लगत येऊन बसतो.

दोष कोठे आहे हे हत्यार हाती घेण्यापूर्वी कानाने ठरवावे, असे आमचे मत आहे. आम्ही गिटारीवरील आवाजाचे बटण शून्यावर नेले, घुमारा थांबला. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष होता आणि जे काही शिरत होते ते गिटारीतून शिरत होते. नंतर त्या विद्यार्थ्यास बटण पुन्हा वाढवून तारांवर तळहात ठेवावयास सांगितले. काही फरक पडला नाही. त्यास केबलच्या प्लगाचा धातू बोटाने धरावयास सांगितले, तो घुमारा निम्म्याहून अधिक उतरला! येथेच रोगाचे निदान झाले. ते कसे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ वादक वर्षानुवर्षे हा चमत्कार पाहतात आणि त्याचा अर्थ मात्र उलटा लावतात.

आपले शरीर विद्युत्वाहक आहे. खोलीतील विजेच्या तारा आणि आपले शरीर यांच्यामध्ये हवा असते. म्हणजे दोन पत्रे आणि मधे निरोधक असे एक धारित्रच झाले. त्यामुळे आपल्या अंगावर ५० कंपनांचा क्षीण दाब सदैव नांदत असतो आणि तो पोटाशी धरलेल्या गिटारीच्या वेटोळ्यात उतरतो. वादक स्वतःच या गोंगाटाचा वाहक असतो, हे ऐकून आमच्या विद्यार्थ्यास थोडा राग आला! यावर उपाय म्हणून कारखान्यातच एक तार घोडीला जोडलेली असते. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती धातूची पट्टी. घोडीपासून ही भूतार बटणाच्या पाठीवर, तेथून जॅकच्या बाहेरील कड्यावर, पुढे केबलीच्या जाळीतून अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर आणि तेथून तीन पिनांच्या प्लगातील जाड पिनेवाटे जमिनीत जाते. वादकाने तारांना हात लावला की त्याचे अंगही या साखळीत गुंफले जाते. अंगावरील दाब जमिनीत ओसरतो आणि तेच अंग, जे आतापर्यंत गोंगाट आणीत होते, गिटारीपुढे आडोसा होऊन उभे राहते. म्हणून तारांना स्पर्श करताच घुमारा कमी होणे हे भूसंपर्क बिघडल्याचे नव्हे, तो शाबूत असल्याचे लक्षण आहे. आमच्या गिटारीत प्लगाला हात लावून फरक पडे आणि तारांना लावून पडत नसे. अर्थात साखळी जॅकपासून पुढे धड होती, तुटली होती ती जॅक आणि घोडी यांच्यामध्ये.

गिटारीची पाठ उघडली. या घाटाच्या गिटारीत मागे एक पोकळी असून तीत घोडीला ताण देणाऱ्या स्प्रिंगा असतात आणि त्या एका लोखंडी पंज्यात अडकविलेल्या असतात. भूतार त्या पंज्याला जोडलेली असते. येथे ती सुटून मोकळी लोंबत होती. मल्टीमीटरची एक कांडी तारेवर आणि दुसरी जॅकच्या कड्यावर ठेवली असता मीटरने अनंत रोध दाखविला. तो एका ओहमाहून कमी असावयास हवा होता.

डाग देणे सोपे जाईल असे वाटले होते, पण अर्धी दुपार त्यातच गेली. प्रयोगशाळेतील २५ वॅटची सोल्डरची इस्त्री बटणाच्या पायांना पुरते. पंजा मात्र जाड धातूचा असल्याने सारी उष्णता पिऊन टाकतो. पहिला डाग वरवर बसला, राखी आणि दाणेदार दिसू लागला, आणि बोटाने ढकलताच टरफलासारखा निघाला. यास कच्चा डाग म्हणतात. पुष्कळ गिटारींतील घुमारा अशाच एखाद्या डागातून जन्म घेतो. दिसावयास जोडलेला, वस्तुतः सुटलेला. मग पंजाची जागा कानशीने घासून चकचकीत केली, थोडे फ्लक्स लावले आणि ६० वॅटची इस्त्री मागवून आणली. धातू स्वतः तापला, तेव्हा सोल्डर पाण्यासारखे पसरले आणि निवल्यावरही चमकत राहिले. मीटरवर ०.४ ओहम. तालीम पुन्हा सुरू केली, तेव्हा हात तारांवर असेपर्यंत खोलीत जवळजवळ शांतता होती.

जवळजवळ असे म्हणण्याचे कारण, थोडी घुरघुर उरलीच. विद्यार्थ्याने उभ्या उभ्या एक गिरकी घेतली, तो अ‍ॅम्प्लिफायरकडे तोंड केले असता ती वाढे आणि एका विशिष्ट दिशेस नाहीशी होई. ही घुरघुर चुंबकीय होती आणि भूतारेशी तिचा काही संबंध नव्हता. एकेरी वेटोळ्याचा तो स्वभावच आहे. त्यावर खरा उपाय गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी काढला. त्यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ते १९५९ मध्ये मंजूर झाले. दोन वेटोळी शेजारी ठेवून त्यांचे चुंबकही उलटसुलट ठेवावयाचे आणि जोडणीही उलट करावयाची. तारेच्या थरथरीने दोहोंत उत्पन्न होणारे दाब एकमेकांत मिळतात, आणि बाहेरून आलेल्या घुमाऱ्याचे एकमेकांस खोडून टाकतात. ज्यांच्या गिटारीत अशी जोडवेटोळी नाहीत, त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरपासून दोनतीन पावले दूर उभे राहावे. गिटारीच्या पोकळीस आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो भूतारेस जोडला, तर अंगावरून व ट्यूबलाइटवरून येणारी चरचर कमी होते. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र मात्र या पत्र्यास जुमानीत नाही. आम्ही पत्राही लावून पाहिला. तो जॅकच्या आतल्या पात्यास टेकला आणि गिटार पूर्ण मुकी झाली! घुमारा गेला म्हणून क्षणभर टाळ्याही पडल्या होत्या. असो.

येथवर सारे प्रकरण विनोदाचे होते. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते तसे राहिले नाही.

रंगमंचावरील अ‍ॅम्प्लिफायरमधून एक केबल सभागृहाच्या मागील टोकास, ध्वनियोजनेच्या मिक्सरपर्यंत नेली होती. अ‍ॅम्प्लिफायरला वीज मंचाच्या बोर्डावरून आणि मिक्सरला मागील भिंतीच्या बोर्डावरून. केबल जोडताच नवा, भारी घुमारा सुरू झाला. गिटारीचे बटण शून्यावर नेले तरी तो हटेना; म्हणजे या वेळी गिटार निर्दोष होती. दोन्ही बोर्डांच्या भूतारा जमिनीत जात असल्या, तरी त्यांचा दाब सर्वत्र अगदी सारखा नसतो. मधल्या केबलीच्या जाळीने त्या दोहोंस सांधले, की बोर्ड, भूतार, जाळी आणि पुन्हा बोर्ड असे एक प्रचंड वेटोळे पुरे होते, त्यातून ५० कंपनांचा प्रवाह फिरू लागतो आणि तो मूळ संदेशात मिसळतो. ध्वनियोजना पाहणारे गृहस्थ अनुभवी होते. “सर, दोन मिनिटांत बंद करतो,” असे म्हणून त्यांनी खिशातून एक लहानसा ठोकळा काढला. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जागी बसविणारा हा ठोकळा बाजारात कोठेही मिळतो. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग त्यात घालून लावला आणि घुमारा खरोखरच नाहीसा झाला. आम्हीही मान डोलाविली, हे कबूल केले पाहिजे.

थोड्या वेळाने ती लांब केबल भिंतीकडेने फिरवून घेण्यासाठी काढण्यात आली. तेवढ्यात गिटार गळ्यात असलेला आमचा विद्यार्थी आवाज पाहण्यासाठी माइकजवळ वाकला आणि एकदम मागे सरला. “सर, ओठाला काहीतरी चावले.” मीटरची एक कांडी गिटारीच्या तारेस आणि दुसरी माइकच्या जाळीस लावली, तेव्हा ११० व्होल्टांच्या आसपास आकडा दिसला.

झाले होते ते असे. ठोकळ्याने जाड पिनेची वाट बंद केली होती. त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरचा पत्रा जमिनीस जोडलेला होता तो केवळ त्या लांब केबलीच्या नाजूक जाळीतून, आणि तीही काढली गेली. अशा यंत्रांत बाहेरचा गोंगाट गाळण्यासाठी विजेच्या दोन्ही तारांपासून पत्र्याकडे लहान धारित्रे बसविलेली असतात. पत्रा अधांतरी झाला की तो २३० व्होल्टांच्या निम्म्यावर जाऊन तरंगतो. त्या धारित्रांतून येणारा प्रवाह अल्प असतो, म्हणून मुंग्यांवर निभावले. परंतु आतील ट्रान्सफॉर्मरचे निरोधन फाटले असते, तर तारांवर पूर्ण २३० व्होल्ट आले असते, फ्यूज उडाला नसता, आणि एका हातात तारा व ओठाशी जमिनीस जोडलेला माइक अशा स्थितीत तो प्रवाह छातीतून गेला असता. वेल्समधील स्वॉन्झी येथे १९७२ मध्ये लेस्ली हार्वे हा गिटारवादक गिटार हातात असता भूसंपर्क नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच मरण पावला. घोडीची जी तार दुरुस्त करण्यासाठी आम्ही अर्धी दुपार घालविली, ती वादकाचे अंग अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याशी बांधते. पत्रा जमिनीस जोडलेला असेल तर ती रक्षण करते. नसेल तर पत्र्यावर जे असेल ते थेट वादकाच्या हाती देते.

ठोकळा काढला. मंचावरच्याच बोर्डावरून एक लांब एक्स्टेन्शन ओढून मिक्सरलाही तेथूनच वीज दिली. दोहोंची भूतार आता एका ठिकाणी मिळत असल्याने वेटोळे जवळजवळ मिटले आणि घुमारा पहिल्याच्या दशांशही उरला नाही. जेथे एवढी लांब तार ओढणे शक्य नसेल, तेथे संदेशाच्या केबलीत लहान ट्रान्सफॉर्मर असलेली डबी घालावी. तीत संदेश चुंबकातून पलीकडे जातो आणि केबलीची जाळी मधे तोडता येते. तोडावयाची ती संदेशाच्या केबलीची जाळी, विजेच्या प्लगाची पिन कधीही नव्हे. तसेच गिटार कोणीही उघडावी, कारण तीत बहुधा धोक्याची वीज नसते. अ‍ॅम्प्लिफायर मात्र विद्यार्थ्यांनी उघडू नये. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील धारित्रे प्लग काढल्यावरही तीनचारशे व्होल्ट धरून बसलेली असू शकतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेच्या मागील आवारातील भूसंपर्काचा खड्डाही पाहिला. कोळसा आणि मीठ घालून पुरलेली पट्टी होती, परंतु आपल्या जांभ्या जमिनीत पाणी टिकत नाही आणि खड्डा कोरडा ठणठणीत पडला होता. आता फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत दर शनिवारी त्यात दोन बादल्या पाणी ओतण्याचे काम नववीच्या वर्गाकडे दिले आहे. तो ठोकळा आम्ही त्या गृहस्थांकडून मागून घेतला. प्रयोगशाळेच्या कपाटात वरच्या खणात तो ठेवला आहे.