डिस्क भरली, फोटोचे काम अडले – काय करावे?



उसाच्या पानावर संगणकाची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. पण अलीकडे आपल्या कार्यक्षेत्रात फोटोचा जोडधंदा बराच वाढला आहे. कित्येक सभासदांची मुले, काही घरी सुनादेखील, लग्नाचे फोटो काढतात, अल्बम जुळवतात, फ्लेक्सची डिझाईन करून देतात. घरात संगणक एकच असतो. त्याच्यावरच सातबारा, ऊसबिले, माती परीक्षणाचे अहवाल आणि सोसायटीचे कागद ठेवलेले असतात. तुळशीचे लग्न झाले की इकडे गळीत जोरात आणि तिकडे लग्नसराई जोरात. नेमक्या त्याच दिवसांत फोटोशॉप पडद्यावर लिहून दाखवते की स्क्रॅच डिस्क भरली आहे, काम पुढे होणार नाही. मग घाईघाईने हाताला येईल ते पुसले जाते. प्लॉट पाहणीसाठी वस्त्यांवर फिरताना हे गाऱ्हाणे आमच्या कानावर वारंवार येते, म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

स्क्रॅच डिस्क म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. गव्हाण चांगली आहे, मिल चांगली आहे, पण केनयार्डात गाड्यांना वळायला जागाच नाही, तर गाळप थांबणारच. संगणकाचेही तसेच आहे. त्यात जागा दोन. एक रॅम, ती लहान पण चपळ. काम चालू असेपर्यंतच तिच्यात माल राहतो. दुसरी डिस्क, ती मोठी पण त्यामानाने संथ, आणि तिच्यातला माल संगणक बंद केला तरी कायम राहतो. फोटोशॉपला रॅम पुरेनाशी झाली की ते डिस्कवरच्या मोकळ्या जागेत आपले तात्पुरते यार्ड मांडते. त्या यार्डाला स्क्रॅच डिस्क म्हणतात. काम संपवून फोटोशॉप नीट बंद केले की यार्ड आपोआप रिकामे होते. म्हणजे ही जागा साठवणीची नसून गाडी वळवण्याची आहे.

पोरं विचारतात, "साहेब, फोटो तर आठ-दहा एमबीचा आहे आणि डिस्कवर तीन जीबी शिल्लक दिसतेय. मग अडतंय कुठं?" हिशेब चुकतो तो इथेच. जेपीजी फोटो म्हणजे आवळून बांधलेली मोळी. डिस्कवर पडून असते तोवर तिला जागा थोडी लागते. फोटोशॉपमध्ये उघडली की मोळी सुटते आणि टिपरू न् टिपरू वेगळे मांडले जाते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या फोटोत २ कोटी ४० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा व निळा असे तीन बाइट धरले तर एकच फोटो ७२ एमबी होतो. सोळा बिटमध्ये काम करीत असाल तर तोच १४४ एमबी.

आता अल्बमचे पान घ्या. १२ बाय ३६ इंचाची शीट ३०० डीपीआयवर लावली तर ३,६०० गुणिले १०,८०० म्हणजे ३ कोटी ८८ लाख ८० हजार ठिपके झाले. त्याला तीनने गुणा, सुमारे ११७ एमबी. हा फक्त एक थर, म्हणजे लेयर. नवरा-नवरी, मांडव, फुले, नक्षी, नावे असे करत पानभर पसरलेले वीस लेयर झाले तर सव्वादोन जीबीच्या पुढे गेलो. शिवाय केलेले काम मागे घेता यावे म्हणून फोटोशॉप पूर्वीच्या अवस्थाही जपून ठेवते, बदल केला नसेल तर अशा पन्नास. त्या तीन जीबीचे काय होत असेल ते बघा! शीटचे काम करणाऱ्याने निदान ५० जीबी मोकळी ठेवावी असे आमचे मत आहे. एकेकच फोटो उजळून देणाऱ्याचे त्याहून कमी जागेत भागेल.

डिस्क भरल्याचा निरोप आला की पहिली गोष्ट म्हणजे काहीही पुसू नये. चालू काम सेव्ह करावे. सी ड्राइव्हवर ते होत नसेल तर डी ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर सेव्ह करावे. नको असलेल्या फाइली बंद कराव्यात. नंतर एडिट मेनूत पर्ज आणि त्यात ऑल निवडावे, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या अवस्था निघून जातात. मात्र त्यानंतर मागे जाता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे. पुष्कळदा एवढ्यावर त्या दिवसापुरते काम निघते. पन्नास अवस्थांची गरज नसेल तर प्रेफरन्सेसमधील परफॉर्मन्समध्ये तो आकडा वीसवर आणावा.

त्यानंतर 'धिस पीसी' उघडून कोणत्या ड्राइव्हवर किती जागा आहे ते पाहावे. आम्ही पाहिलेल्या संगणकांत नेहमी आढळणारा प्रकार असा की सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला आणि डी अर्धाअधिक मोकळा. फोटोशॉप आपले यार्ड मुळात सी ड्राइव्हवर मांडते, कारण विंडोज तिथे असते. अशा वेळी पुसापुशीची गरजच नाही. एडिट, प्रेफरन्सेस, स्क्रॅच डिस्क्स या क्रमाने जावे, डी समोर खूण करावी आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा सुरू करावे. जागा भरल्यामुळे फोटोशॉप उघडतच नसेल तर ते सुरू होत असताना कंट्रोल आणि ऑल्ट या दोन कळा दाबून धराव्यात, म्हणजे यार्ड कुठे मांडायचे हे ते विचारते. यात शिफ्ट कळ दाबू नये. तिन्ही कळा दाबल्या तर ते तुमची सगळी मांडणी मोडून पहिल्यासारखी करायला निघते. पेनड्राइव्हवर यार्ड मांडू नये. तो संथ असतो आणि काम चालू असताना कुणी उपटला तर पंचाईत. फोटोशॉप विकत घेणे परवडत नाही म्हणून जे गिम्प हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरतात, त्यांनाही प्रेफरन्सेसमधील फोल्डर्समध्ये स्वॅप फोल्डरची जागा अशीच बदलता येते.

दोन्ही ड्राइव्ह भरले असतील तर मात्र साफसफाई आली. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असे उघडले की कशाने किती जागा खाल्ली आहे ते संगणक स्वतःच दाखवतो. खुरपणीला लागण्याआधी तण कोणते आणि फुटवा कोणता हे ओळखावे लागते, तसे आधी ते पाहावे. तिथेच टेम्पररी फाइल्स म्हणून यादी असते. त्यातल्या तात्पुरत्या फाइली, अद्ययावतीकरणाचे उरलेसुरले आणि लघुचित्रे खुशाल काढावीत. विंडोजची जुनी आवृत्ती राहिलेली असेल तर ती बरीच जीबी अडवते. नवीन आवृत्ती ठीक चालत असेल तर तीही काढता येते, एरवी दहा दिवसांनी विंडोज ती स्वतःच काढते.

पण याच यादीत डाउनलोड्स असेही एक नाव असते. त्याच्यासमोर डोळे झाकून खूण करू नये. उतरवून घेतलेला सातबारा, बँकेचे उतारे, पोराच्या परीक्षेचे प्रवेशपत्र, सगळे बहुधा तिथेच पडलेले असते. ते फोल्डर स्वतः उघडून पाहावे, कामाचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये न्यावेत आणि मग राहिलेले पुसावे. रिसायकल बिनचेही तसेच. पुसलेली फाइल बिनमध्ये आहे तोवर डिस्कवरची जागा अडवूनच बसते, म्हणून बिन रिकामे करावे लागते, पण आधी आत डोकावून. डेस्कटॉपवर ठेवलेले फोल्डर म्हणजे सी ड्राइव्हवरचाच माल, हेही पुष्कळांना माहीत नसते. समोर दिसते म्हणून लग्नेच्या लग्ने तिथे ओतलेली असतात.

वीज गेल्याने फोटोशॉप मध्येच बंद पडले तर त्याचे यार्ड कधी कधी तसेच राहून जाते. टेम्प फोल्डरमध्ये 'फोटोशॉप टेम्प' या नावाने सुरू होणाऱ्या मोठ्या फाइली दिसतात त्या ह्याच. फोटोशॉप पूर्ण बंद करून त्या काढाव्यात. विंडोज नावाच्या फोल्डरात शिरून मात्र हाताने काही काढू नये. आणि एका बटणात संगणक साफ करून देतो म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये. विंडोजमध्ये आहे तेवढे पुरते.

एवढे करून दहा-वीस जीबी निघतील. खरी जागा अडवलेली असते ती मागच्या हंगामांच्या लग्नांनी, आणि त्यातही व्हिडिओंनी. ती बाहेरच्या डिस्कवर हलवावी लागतात, आणि घात होतो तो इथेच. आमच्या गटातील एका सभासदाच्या मुलाने घाईत एका हंगामाची सगळी लग्ने कट करून बाहेरच्या डिस्कवर पेस्ट केली. संगणकावर जागा झाली, काम सुरू झाले. आठ दिवसांनी ती डिस्क टेबलावरून पडली आणि पुन्हा चालू झाली नाही. अल्बम व्हायचे बाकी असलेली लग्ने त्यात गेली. मुलाने पैसे परत दिले, पण एका घरच्या आजींचे शेवटचे फोटो त्या लग्नातलेच होते. आजी पुढे दोन महिन्यांत गेल्या. ते लोक अजून त्या घरी विचारायला येतात, काही निघालं का म्हणून.

सबब कट-पेस्ट करू नये, कॉपी करावी. मध्येच वीज गेली तर कट केलेला माल अर्धा इकडे, अर्धा तिकडे होतो. कॉपी झाल्यावर दोन्ही फोल्डरांवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज पाहाव्यात. फाइलींची संख्या आणि बाइटचा आकडा जुळला पाहिजे. सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे दहा-बारा फोटो बाहेरच्या डिस्कवरून उघडून पाहावेत. अशीच दुसरी कॉपी दुसऱ्या डिस्कवर करावी, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी, भावाकडे म्हणा, सासुरवाडीला म्हणा, ठेवावी. मगच संगणकावरचे पुसावे. सी वरून डी वर कॉपी केली म्हणजे दोन प्रती झाल्या असे समजू नये. बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन वाफे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले.

बाहेरची डिस्क घेताना एक शंका हमखास येते. १ टीबीची डिस्क घेतली आणि संगणकावर ९३१ जीबीच दिसते. इथे कुणी काटा मारलेला नाही. कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीने, एवढाच फरक.

राहता राहिले कॅमेऱ्याचे कार्ड. दुसऱ्या दिवशी दुसरे लग्न असते म्हणून रात्रीच कार्ड फॉरमॅट करण्याची घाई होते. कार्डावरून पुसलेले फोटो रिसायकल बिनमध्ये जात नाहीत. तेव्हा एक कार्ड जास्तीचे घ्यावे, आणि दोन्ही डिस्कवर कॉपी होऊन तपासली जाईपर्यंत लग्नाचे कार्ड पाकिटात घालून त्यावर तारीख व घराचे नाव लिहून ठेवावे.