लाकडी घरं आगीतून वाचली कशी?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. तिथल्या जुन्या वस्तीतली रंगीबेरंगी, नक्षीदार ‘व्हिक्टोरियन’ घरं तिनं आम्हांला हौसेनं दाखवली. ती १८८०-९०च्या सुमाराची आहेत आणि संपूर्ण लाकडाची आहेत, असं ती म्हणाली. पण १९०६च्या भूकंपात आणि त्यापाठोपाठ लागलेल्या आगीत ते शहर भस्मसात झालं, असं मी वाचलं होतं. मग ही लाकडाची घरं उरली कशी? की ती नंतर उभारलेली नक्कल आहे? शिवाय अमेरिकेत राणी व्हिक्टोरियाचा काय संबंध?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या मुलीनं सांगितलं ते बरोबर आहे आणि तुम्ही वाचलंत तेही बरोबर आहे. घरं अस्सल आहेत आणि शहरही खरोखर जळालं होतं. फक्त ते सगळं जळालं नव्हतं.

राणीचा उलगडा सोपा आहे, तो आधी करू. व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१. या काळातल्या घरांना, फर्निचरला, पोशाखाला इंग्रजी बोलणाऱ्या जगात सरसकट तिचं नाव लागलं. मग तिथं तिचं राज्य असो वा नसो. आपल्याकडे ते होतं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि राजाबाई टॉवर हेही व्हिक्टोरियन काळाचेच. पण त्या दगडी आणि सार्वजनिक इमारती. त्या पाहून तयार झालेल्या आपल्या नजरेला लाकडाचं राहतं घर ‘व्हिक्टोरियन’ म्हणून पटकन पटत नाही, एवढंच.

आता मुख्य कोडं. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची तीव्रता आज साधारण ७.९ मानली जाते. एवढ्या धक्क्यात लाकडी घरं आधी कोसळली असतील असं वाटतं, पण घडलं उलट. बारीक उभ्या लाकडांचा सांगाडा आणि त्यावर खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या, असं हे घर वजनाला हलकं असतं. जमीन हलली की ते करकरतं, तिरकं होतं, पण बहुधा उभं राहतं. जड भिंतीला ही सवलत नाही. आपण हे १९९३ साली किल्लारीला पाहिलं. तिथं माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली. कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी आतले लाकडी खांब जागेवर होते. सॅन फ्रान्सिस्कोतही विटांच्या भिंती आणि धुराडी पडली. खाडीत भर घालून केलेल्या जमिनीवरची घरं खचली, मग ती कशाचीही असोत. टणक जमिनीवरची बहुतेक लाकडी घरं मात्र धक्क्यातून निभावली.

खरा घात आगीनं केला. फुटलेल्या गॅसनळ्या, उलटलेल्या चुली, तडकलेली धुराडी यांतून जागोजागी आगी लागल्या. जमिनीखालचे पाण्याचे नळ तुटले होते, त्यामुळे बंबांना पाणी मिळेना. आगीच्या वाटेतल्या इमारती सुरुंगानं उडवायचे प्रयत्न झाले. त्यांतून काही ठिकाणी नव्याच आगी लागल्या. ही आग सुमारे तीन दिवस चालली. जवळजवळ २८,००० इमारती गेल्या आणि सुमारे चार लाखांच्या शहरातली निम्म्याहून अधिक माणसं बेघर झाली.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. लाकडाचं ते जळालं आणि विटा-दगडांचं ते वाचलं, असं झालं नाही. शहराच्या मध्यभागातल्या विटांच्या आणि दगडांच्या इमारतीही आतून जळून पोकळ झाल्या. कोण वाचणार हे बांधकामाच्या सामानावरून ठरलं नाही, जागेवरून ठरलं. आग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत होती आणि वाटेत व्हॅन नेस अॅव्हेन्यू हा १२५ फूट रुंदीचा रस्ता होता. शर्थीची झुंज इथं झाली. आगीनं काही ठिकाणी हा रस्ता ओलांडलाही, पण पुढच्याच गल्लीत ती रोखली गेली. दक्षिणेला मिशन भागात ती विसाव्या रस्त्याच्या आसपास थांबली, कारण तिथल्या एका जलखांबाला, म्हणजे फायर हायड्रंटला, पाणी येत होतं. त्या जलखांबाला आजही दर वर्षी १८ एप्रिलला सोनेरी रंग देतात. तुमच्या मुलीनं दाखवलेली घरं व्हॅन नेसच्या पश्चिमेची किंवा त्या जलखांबापलीकडची असणार.

लाकूडच का वापरलं, याचं कारण शहराच्या उत्तरेला किनाऱ्यालगत पसरलेली रेडवुडची जंगलं. हे झाड प्रचंड उंच, त्याची फळी सरळ. त्यात राळ फार कमी, म्हणून ते सहजासहजी पेट घेत नाही. टॅनिन भरपूर, म्हणून ते लवकर कुजत नाही की त्याला सहसा वाळवी लागत नाही. शिवाय ते कापायला मऊ. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांमध्ये त्याचे कातीव खांब, महिरपी, झालरी, कंगोरे यांचे ढीग पडत. बांधकाम करणारा छापील सूचीत नक्षी निवडायचा, ती आणून ठोकायचा.

त्यामुळे ही धनिकांची हौस होती, ही समजूतही सोडून द्यावी लागते. बरीचशी घरं व्यावसायिक बिल्डरांनी रांगेनं बांधून मध्यमवर्गीयांना विकली, अनेकदा हप्त्यांनी. ‘द रिअल इस्टेट असोसिएट्स’ या एकाच कंपनीनं १८७०च्या दशकात हजारावर घरं उभारली. खऱ्या धनिकांचे, म्हणजे रेल्वेच्या मालकांचे लाकडी महाल नॉब हिलवर होते आणि ते आगीत गेले. उरलं ते चारचौघांचं. मला या साऱ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. राजवाडे जपले जातातच; दीडशे वर्षांपूर्वीचा साधा दुकानदार कसा राहायचा हे दाखवणारं घर उभ्या गल्लीनिशी टिकणं दुर्मिळ.

या घरांचा घाटही अशाच व्यवहारातून आला. जमिनीचा तुकडा साधारण २५ फूट रुंद आणि शंभराहून अधिक फूट खोल. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत चिकटलेली, त्यामुळे उजेड मुख्यतः पुढून आणि मागून. त्यात धुक्याचं शहर. म्हणून दर्शनी भिंतीतून बाहेर काढलेली तीन बाजूंची खिडकी, म्हणजे बे विंडो, जवळपास प्रत्येक घराला आली. तिनं उजेड वाढवला आणि खोलीही थोडी रस्त्याकडे सरकवली, मुंबईत खिडकीची ग्रिल पुढे काढून मिळवतात तशी हातभर जागा. या खिडकीवरून घराचा काळ ओळखता येतो. १८७०च्या दशकातल्या इटालियन धाटणीच्या घरांत तिच्या बाजू तिरक्या असतात. १८८०च्या दशकात ती काटकोनी झाली आणि तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांची नक्षी चढली. १८९०च्या सुमारास ‘क्वीन अॅन’ धाटणी आली. तिच्यात कोपऱ्यावर गोल मनोरा, उतरतं छप्पर आणि माशांच्या खवल्यांसारख्या फळ्या. १८८०च्या दशकातल्या त्या नक्षीला चार्ल्स ईस्टलेक या इंग्रज लेखकाचं नाव मिळालं. त्यानं मात्र हा प्रकार आपल्या विचारांशी जुळत नाही, असं जाहीरपणे कळवलं होतं.

रंगांबद्दल तुमच्या मुलीलाही कदाचित नवल वाटेल. आजचे गुलाबी, निळे, पोपटी रंग मूळचे नाहीत. आरंभी यांतली कित्येक घरं दगडासारखी दिसावीत अशा करड्या, तपकिरी, पिवळट छटांत रंगवलेली असत. पुढे बरीच घरं नुसती राखाडी झाली, काहींची नक्षी उखडून त्यांवर गिलावा थापला गेला. १९६३च्या सुमारास बुच कार्डम या कलावंतानं आपल्या घराला झगझगीत निळा-हिरवा रंग दिला, मग शेजाऱ्यांनी त्याचं अनुकरण केलं. १९७८ साली या घरांवर ‘पेंटेड लेडीज’ नावाचं पुस्तक निघालं आणि ते नाव घरांना कायमचं लागलं. अलामो स्क्वेअर या बागेसमोरची घरांची सुप्रसिद्ध रांग मॅथ्यू कॅव्हनॉ या बिल्डरनं १८९२ ते १८९६ मध्ये बांधली. तो स्वतः शेजारच्याच घरात राहायचा.

पण ‘उरली कशी’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर १९०६वर संपत नाही. आगीतून वाचलेल्या वेस्टर्न अॅडिशन या भागातून १९४२ साली जपानी वंशाच्या रहिवाशांना युद्धाच्या नावाखाली छावण्यांत नेण्यात आलं. रिकाम्या घरांत गोदीकामासाठी आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं राहू लागली. एका घराचे चार-पाच हिस्से झाले, बँका या भागात कर्ज देईनात, दुरुस्ती थांबली. मग त्याच अवस्थेकडे बोट दाखवून पालिकेच्या पुनर्विकास यंत्रणेनं वस्ती ‘मोडकळीला आलेली’ ठरवली. १९५०च्या दशकापासून बुलडोझर फिरले आणि सुमारे २,५०० व्हिक्टोरियन घरं गेली. हजारो कुटुंबं पांगली, त्यांच्यातली बरीचशी परत आली नाहीत. भूकंप कोणाच्या हातात नव्हता, हे पाडकाम होतं. आधी दुरुस्तीचे पैसे अडवायचे आणि मग घर पडीक म्हणून पाडायचं, हा अन्याय होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

विरोध उभा राहिला तो यातूनच. १९६७ साली शहरानं वारसा इमारतींसाठी नियम केले, १९७१ साली वारसा जतनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. १९७४ साली पाडायला काढलेली बारा घरं चक्क उचलून, चाकांच्या गाड्यांवर घालून दुसऱ्या जागी नेऊन बसवली. हलकी लाकडी घरं होती म्हणूनच हे जमलं.

पुढच्या खेपेला गेलात तर फ्रँकलिन स्ट्रीटवरचं हास-लिलिएन्थाल घर पाहा. १८८६ सालचं क्वीन अॅन धाटणीचं हे घर आतल्या सामानासह जतन केलेलं आहे. तिथून व्हॅन नेस अॅव्हेन्यू फक्त एका गल्लीवर आहे. तो ओलांडून पूर्वेला गेलात की जुन्या दिसणाऱ्या इमारतींवरची सालं वाचत चला. जवळजवळ सगळी १९०६नंतरची सापडतील.