तिसऱ्या चाकावर धरलेली वेळ

दहावी-बारावीचे निकाल लागले की एखादे आई-बाबा माझ्याकडे सल्ल्याला येतातच. मुलाला किंवा मुलीला ट्रॅक सायकलिंगचं वेड लागलेलं असतं आणि घरात एकच प्रश्न असतो: यावर पोट भरेल का? नुसत्या सायकलवर बहुतेकांचं भरत नाही, असं मी सरळ सांगतो. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमध्ये भारताचा एकही सायकलपटू नव्हता. पण हे ऐकून सायकल माळ्यावर टाकू नका, आधी टीम परस्यूट नावाची शर्यत बघा.

चार स्वार, 250 मीटरचा लाकडी ट्रॅक, सोळा फेऱ्या. म्हणजे चार किलोमीटर. दोन संघ ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात. सायकलला ब्रेक नाही, गिअर एकच. पुढचा हवा कापतो, बाकीचे त्याच्या आडोशाने जातात. आपली पाळी संपली की तो उतारावर वर सरकतो आणि रांगेच्या शेवटी येऊन चिकटतो. वेळ मात्र धरतात तिसऱ्या स्वाराच्या पुढच्या चाकावर. चौथा गळला तरी चालतं. तिसरा मागे पडला, की पहिल्याचा वेग फुकट. पॅरिसला 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाने 3 मिनिटं 40.730 सेकंदांचा विश्वविक्रम केला, म्हणजे ताशी 65 किलोमीटरहून अधिक.

अंतिम फेरीत त्यांच्यासमोर ब्रिटन होतं. त्या संघातल्या डॅन बिगमची गोष्ट मला पालकांसाठी सुवर्णपदकापेक्षा मोलाची वाटते. हा मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंगचा पदवीधर. हेल्मेट, कपडे, बसण्याची ढब यांतून हवेचा विरोध कसा घटवायचा, हाच त्याचा व्यवसाय. टोकियोच्या तयारीत तो डेन्मार्कच्या संघाला हेच ज्ञान पुरवत होता. स्वतः 2022 मध्ये एका तासात 55.548 किलोमीटर सायकल चालवून त्याने विश्वविक्रम केला आणि पॅरिसला रौप्यपदक घेतलं. पुढे तो एका व्यावसायिक संघाचा इंजिनिअरिंग प्रमुख झाला. पदवी आणि सायकल यांचं भांडण आपणच लावतो, त्याच्या आयुष्यात ते नव्हतंच.

पॅरिसलाच या शर्यतीतलं महिलांचं सुवर्ण अमेरिकेने जिंकलं. त्यांच्यातली क्रिस्टन फॉकनर हार्वर्डमध्ये संगणकशास्त्र शिकली, गुंतवणूक क्षेत्रात नोकरी केली आणि 2017 मध्ये सायकलकडे वळली. उशीर झाला म्हणून हळहळणाऱ्यांना तिचं नाव सांगावं. पण कॉलेजात ती रोइंग करायची, दम आधीच कमावलेला होता, हेही सांगावं.

आपल्याकडे पुण्यात बालेवाडीला व्हेलोड्रोम, म्हणजे ट्रॅक सायकलिंगचं मैदान आहे, दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियममध्ये लाकडी ट्रॅक आहे. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण असतं, रेल्वे आणि सैन्यदलं सायकलपटू घेतात. कुठल्या स्पर्धेतलं कुठलं पदक धरलं जातं, ते ताज्या शासन निर्णयात स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर वर्ष घालवू नका.

अकरावीला गणित आणि भौतिकशास्त्र झेपत असेल तर सोडू नका. क्रीडा-अभियांत्रिकी, फिजिओथेरपी, क्रीडा-पोषण या वाटा पदक न मिळालेल्यालाही खुल्या राहतात. आणि कार्बनच्या सायकलसाठी लगेच कर्ज काढू नका; पहिला हंगाम क्लबच्या सायकलवर काढता येईल का, ते आधी प्रशिक्षकांना विचारा.