पहाटे साडेपाचचा फोन

हुपरी हे कोल्हापूर जिल्ह्यातील चांदीच्या दागिन्यांचे गाव. समजा, येथील दहावीतल्या एका मुलीचा मोठा भाऊ शिक्षणासाठी अमेरिकेस निघाला आहे. जानेवारीतला दिवस. तिकिटावर छापले आहे : मुंबईहून रात्री १ वाजता सुटणार, न्यूयॉर्कला त्याच दिवशी पहाटे ५-३० ला पोहोचणार. आई म्हणते, ‘‘साडेचारच तास! पहाटे साडेपाचला दादाचा फोन येईल.’’ आईचा हिशेब बरोबर आहे का?

अंतर किती?

भिंतीवरील नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर यांवरून जाते. हा मार्ग सुमारे १४,२०० किलोमीटर भरतो. पण पृथ्वी सपाट नाही. आता शाळेतील पृथ्वीगोल घ्या आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा मॉस्कोजवळून, स्वीडन-नॉर्वे व आइसलंडवरून जाईल. म्हणजे थेट ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढून मग खाली उतरेल! नकाशावर वाकडा दिसणारा हाच मार्ग सर्वांत जवळचा. त्याला बृहद्‌वृत्ताचा मार्ग म्हणतात.

असे का? विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ कि. मी. ; ६० अंश अक्षांशावर तो निम्माच, साडेपंचावन्न कि. मी. भरतो. उत्तरेकडून गेल्यास तेवढेच रेखांश थोड्या अंतरात ओलांडता येतात.

बृहद्‌वृत्तावर या दोन शहरांत सुमारे ११२.७ अंशांचे अंतर आहे. एका अंशाला १११.२ कि. मी. धरून गुणाकार करा : सुमारे १२,५३० कि. मी.

वेळ किती?

साडेचार तासांत एवढे अंतर कापायचे, तर वेग ताशी सुमारे २,८०० कि. मी. हवा. कंकॉर्ड हे स्वनातीत विमानही ताशी सुमारे २,२०० कि. मी. वेगानेच उडत असे. साध्या जेट विमानाचा वेग ताशी ९०० कि. मी. धरू. १२,५३० ÷ ९०० = सुमारे १४ तास.

पण विमान हवेत उडते आणि हवा स्वतःच वाहत असते. साधारण ९ ते १२ कि. मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोतवारे वाहतात. जाताना सरासरी ताशी ६५ कि. मी. विरोध धरला, तर जमिनीच्या संदर्भात वेग ८३५ उरतो आणि १५ तास लागतात. येताना तोच वारा पाठीशी असेल. वेग ९६५, वेळ १३ तास. प्रत्यक्षात हवामानामुळे किंवा एखाद्या देशाचे आकाश बंद असल्यास वळसा पडतो आणि वेळ आणखी वाढतो.

मग साडेपाच कसे?

हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. रात्री १ नंतर १५ तासांनी हुपरीत दुपारचे ४ वाजतील. त्यातून साडेदहा तास वजा करा : पहाटेचे ५-३०! तिकीट खरे होते. पण त्यावरील दोन वेळा दोन वेगळ्या घड्याळांच्या होत्या. आईने फोनची वाट पहाटे नव्हे, दुपारी चारनंतर पाहावी. तोवर काळजीचे कारण नाही.

सोडवून पाहा

दादा जानेवारीतच न्यूयॉर्कहून सकाळी १०-३० ला परत निघाला व १३ तासांनी मुंबईस उतरला. तेव्हा हुपरीत किती वाजले असतील?

(उत्तर : दुसऱ्या दिवशीचे सकाळचे १०.)