आजचं चिंतन : धृतराष्ट्राची झोप का उडाली?



आजचं वाचन : महाभारत, उद्योगपर्व, अध्याय ३३ (प्रजागरपर्वाची सुरुवात)

विदुरनीती आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. कुणी आजोबांच्या तोंडून, कुणी शाळेच्या सुविचारात, तर कुणी फॅमिली ग्रुपवर सकाळच्या फुलांच्या फोटोखाली. पण ती कधी सांगितली गेली हे फारसं कुणी सांगत नाही. ती सांगितली आहे रात्री, झोप न लागणाऱ्या एका माणसाला. म्हणून तर या उपपर्वाचं नाव प्रजागर, म्हणजे जागरण.

प्रसंग असा आहे. संजय उपप्लव्याहून पांडवांना भेटून हस्तिनापूरला परत आलाय. रात्र झाली आहे. तो राजाकडे जातो, त्याला चार खडे बोल सुनावतो, पुढे जे होईल त्याचा दोष तुझ्याच माथी येणार असंही बजावतो. आणि मग म्हणतो, प्रवासानं थकलोय, युधिष्ठिराचा निरोप उद्या सभेत सांगेन. एवढं बोलून हा गृहस्थ झोपायला निघून जातो!

राजाच्या हाती राहते अर्धी बातमी. काहीतरी भयंकर येऊ घातलंय एवढं कळलं, नेमकं काय ते कळलं नाही. मग तो विदुराला बोलावून घेतो आणि आपल्या जागरणाचं कारण स्वतःच सांगतो : निरोप काय आहे ते समजलं नाही, त्यानं अंगाची आग होते आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी रात्री एक वाजता हाच अनुभव घेतला असेल. पडद्यावर 'थोड्याच वेळात' लिहिलेलं असतं आणि तो थोडा वेळ काही संपत नाही.

हा अध्याय आज मुद्दाम घेतला, कारण एका ताईंचा मेल आला आहे. नोकरी करतात, एकट्या राहतात. रोज रात्री फोन हातात घेतला की युद्धाचे, अपघातांचे, अत्याचाराच्या बातम्यांचे व्हिडिओ एकामागून एक सुरू होतात आणि दोन कधी वाजतात कळत नाही. छातीत धडधडतं, सकाळी जपाला बसलं तरी डोळ्यांसमोर तेच येतं. पण त्यांचा खरा प्रश्न पुढेच आहे. त्या लिहितात, "बंद केलं तर वाटतं, तिथे माणसं मरताहेत आणि मी पांघरूण घेऊन झोपू? हा निष्ठुरपणा नाही का?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. 'फोन बंद करा, नामस्मरण करा' एवढ्यावर तो मिटत नाही.

आधी शरीराचं बघू. १५ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ दोन स्फोट झाले. तीन माणसं गेली, अडीचशेहून जास्त जखमी झाली, आणि संशयित पकडला जाईपर्यंत चार दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. नंतरच्या आठवड्यांत संशोधकांनी बोस्टन, न्यूयॉर्क आणि उरलेल्या अमेरिकेतल्या मिळून ४,६७५ प्रौढांना त्यांच्या मनःस्थितीबद्दल विचारलं. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्या लोकांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं, प्रत्यक्ष घटनास्थळी किंवा जवळपास असलेल्या लोकांपेक्षाही जास्त आढळली.

पुन्हा वाचा. तिथे असलेल्यांपेक्षा जास्त!

ऐकायला विचित्र वाटतं, पण थोडा विचार केला तर पटतं. तिथे असलेल्या माणसानं तो क्षण एकदा पाहिला, एकाच बाजूनं. मग कुणीतरी हात धरला, कुणाला तरी त्यानं उचललं, घरी फोन केला, रडला. घटनेला सुरुवात होती आणि शेवटही होता. सोफ्यावरच्या माणसानं तेच दहा सेकंद शंभर वेळा पाहिले, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून, संगीत लावून, लाल अक्षरांसकट. त्याला करायला काहीच नव्हतं. शरीर पळायला किंवा लढायला तयार झालं आणि तिथेच बसून राहिलं.

कुणी म्हणेल, मुळात जे घाबरट असतात तेच जास्त बातम्या बघत असतील. बरोबर आहे, तसंही होतं. याच गटातल्या संशोधकांनी पुढे तीन वर्षं चार हजारांहून जास्त लोकांचा मागोवा घेतला. बोस्टनच्या बातम्या ज्यांनी जास्त पाहिल्या, त्यांना सहा महिन्यांनी त्रास जास्त. ज्यांना त्रास जास्त, त्यांना पुढच्या हल्ल्याची काळजी जास्त. आणि जून २०१६ मध्ये ऑरलँडोच्या नाइट क्लबमध्ये गोळीबार झाला तेव्हा हेच लोक पुन्हा जास्त वेळ बातम्यांसमोर बसले, पुन्हा जास्त त्रासले. भीतीमुळे बघणं आणि बघण्यामुळे भीती. चक्रच आहे ते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२-६३) विषयांचं चिंतन करता करता माणूस पायरी पायरीनं बुद्धिनाशापर्यंत कसा घसरतो ते सांगितलंय. आपण तिथे 'विषय' म्हणजे फक्त सुखाच्या वस्तू धरतो. मला वाटतं, मन ज्याच्याभोवती घिरट्या घालतं तो प्रत्येक विषयच, भीतीचा असला तरी.

आपल्याकडचं उदाहरण तर मुंबईकरांना सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून २९ च्या सकाळपर्यंत सुमारे साठ तास ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउस घराघरांतल्या टीव्हीवर जळत होतं. आज तिशीच्या आसपास असलेल्या कितीतरी जणांनी ते शाळकरी वयात, आईवडिलांच्या शेजारी बसून पाहिलं. त्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात कडक ताशेरे ओढले, ते मुख्यतः सुरक्षा दलांचा जीव धोक्यात आला म्हणून. पाहणाऱ्यांच्या मनाचं काय झालं, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात उपयोगाची वाटते. १९९७ साली ब्रिटनमध्ये एक छोटा प्रयोग झाला. लोकांना फक्त १४ मिनिटांचं बातमीपत्र दाखवलं. काहींचं दुःखद बातम्यांचं, काहींचं साधं, काहींचं चांगल्या बातम्यांचं. दुःखद बातम्या पाहिलेले लोक जास्त उदास आणि अस्वस्थ झाले हे ओघानं आलंच. पण त्यांची स्वतःची, बातम्यांशी काही संबंध नसलेली काळजीसुद्धा फुगली. म्हणजे बघितला दूरचा पूर, आणि रात्री झोप उडाली ती हप्त्याच्या नाहीतर आईच्या गुडघ्याच्या काळजीनं. ताई, तुमच्या सकाळच्या जपात जे येतं त्यातलं किती खरोखर तुमचं आहे, ते एकदा तपासून बघा.

आता निष्ठुरपणाचा प्रश्न. त्यासाठी थोडं पुढे, भीष्मपर्वात जाऊ.

युद्धाच्या आधी व्यास धृतराष्ट्राला विचारतात, तुला हे युद्ध बघायचं असेल तर दृष्टी देतो. राजा नको म्हणतो. आप्तांचा संहार डोळ्यांनी बघवणार नाही, मात्र सगळं ऐकायचंय. मग व्यास संजयाला दिव्यदृष्टी देतात. (इथे एक गंमत. आपल्या डोक्यात चित्र असतं की संजय राजवाड्यात बसून 'लाईव्ह' सांगतोय. मूळ कथेत तो रणांगणावरून परत येतो ते दहाव्या दिवशी, भीष्म पडल्याची बातमी घेऊन. गीता त्यानंतर सांगितली जाते. म्हणजे धृतराष्ट्राला गीता दहा दिवस उशिरानं पोचली!)

धृतराष्ट्र सगळं ऐकतो. बारीकसारीक विचारतो, कोण कुणावर धावला, पुढे काय झालं, मग काय झालं. ऐकताना मूर्च्छित पडतो, शुद्धीवर येतो, पुन्हा विचारतो. आदिपर्वात त्याचा एक मोठा विलाप आहे, त्यात तो आपण काय काय ऐकलं त्याची लांबच लांब यादी देतो आणि प्रत्येक बातमीनंतर सांगतो की तेव्हाच माझी विजयाची आशा संपली. इतकं ऐकून, इतकं रडून त्यानं केलं काय? युद्ध थांबवायची ताकद ज्या मोजक्या लोकांकडे होती त्यांतला तो एक. विदुरानं रात्रभर समजावल्यावर त्यानं कबूलही केलं, तुझं पटतंय, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी फिरते. त्याचं दुःख खोटं नव्हतं हो. खूप खरं होतं. पण ते ऐकण्यातच खर्च होऊन गेलं.

याउलट अर्जुन. तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातातून धनुष्य निसटतंय, उभं राहवत नाही. पहिल्या अध्यायातली ही लक्षणं वाचून आजचा कुठलाही डॉक्टर मान डोलावेल. पण अर्जुन काय करतो? रथ थांबवतो आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो. आणखी माहिती मागत नाही.

म्हणून ताई, माझं उत्तर असं आहे. एखाद्याचं दुःख कळणं ही करुणेची सुरुवात आहे, आणि त्यासाठी एकदा कळणं पुरतं. चाळिसावा व्हिडिओ त्या माणसाला काही देत नाही, तुमच्याकडून मात्र झोप, आणि उद्या कुणासाठी तरी काही करायचं बळ घेऊन जातो. त्या रात्री पूरग्रस्तांसाठी शंभर रुपये पाठवले, रक्तदानाला नाव दिलं, त्या भागात कुणी ओळखीचं असेल तर फोन केला, किंवा काहीच शक्य नसेल तर एक माळ त्यांच्या नावानं जपली आणि दिवा मालवला, तर मला त्यात निष्ठुरपणा कुठेच दिसत नाही.

व्यवहाराचं थोडक्यात. कोरोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं की अस्वस्थ करणाऱ्या बातम्या कमीत कमी बघा, दिवसातून एक-दोनदा ठरावीक वेळी माहिती घ्या, तीही भरवशाच्या ठिकाणाहून. ते आजही लागू आहे. व्हिडिओपेक्षा लेखी बातमी वाचा, ती आपोआप पुन्हा सुरू होत नाही. ऑटोप्ले आणि नोटिफिकेशन बंद. आणि फोन उशाशी नको, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. गजरासाठी शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळ मिळतं.

एक स्पष्ट सांगतो. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कामात लक्ष लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर 'माझी साधना कमी पडते' असं म्हणून गप्प बसू नका. जप औषधाच्या आड येत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. राजा असून धृतराष्ट्रानंही मध्यरात्री कुणाला तरी उठवलंच होतं.

आज झोपण्याआधी गीतेच्या अठराव्या अध्यायातले ७६ आणि ७७ हे दोन श्लोक वाचा. बोलणारा संजय आहे. सगळा संहार ज्यानं पाहिला तोच हा माणूस, आणि तो म्हणतो की पुन्हा पुन्हा आठवून हर्ष होतोय. काय आठवून, ते तुम्हीच वाचा आणि कमेंटमध्ये लिहा.

उद्या अध्याय ३४. राम कृष्ण हरी!