व्हॅल्युअर काय बघतो, ते सांगते

जुळे सोलापुरातलं ते घर तुझ्या मनात भरलंय, आणि आता बँक म्हणते, आधी आमचा व्हॅल्युअर बघून जाईल. त्यानं किंमत कमी धरली तर काय, म्हणून झोप उडालीय ना? अगं, जरा टेक. खरं सांगू का, तो माणूस तुझ्या वाईटावर नाही. घरात खोट असेल तर ती तुझे पैसे अडकायच्या आधी कळलेलीच बरी.

बघ, वकील मालकीचे कागद तपासतो आणि व्हॅल्युअर घर तपासतो. तो जागेची किंमत वेगळी काढतो, बांधकामाची वेगळी. जागेला आसपासचे व्यवहार आणि रेडी रेकनरचा दर बघतात. बांधकामातून वयाची घट वजा होते. आरसीसी घराचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरतात, शेवटी १० टक्के किंमत उरते असं मानतात. या हिशोबानं २० वर्षांच्या घराचं बांधकाम ३० टक्क्यांनी उतरतं. कर्ज फिटेपर्यंत घर धड राहील का, हा बँकेचा खरा प्रश्न.

आता घर किती चांगलं बांधलंय आणि आज कसं राखलंय, या दोन निराळ्या गोष्टी आहेत गं. अमेरिकेत फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थांनी २०११ पासून त्यांना वेगवेगळे दर्जे लावलेत. घराच्या स्थितीला सी-१ ते सी-६, बांधकामाच्या प्रतीला क्यू-१ ते क्यू-६. सी-१ म्हणजे कोरं, कुणी न राहिलेलं घर. सी-६ म्हणजे सुरक्षिततेलाच धोका. मला ही विभागणी फार पटते. आपल्याकडच्या अहवालात बांधकामाचा प्रकार लिहितात आणि आतली-बाहेरची स्थिती उत्तम, चांगली, साधारण की खराब एवढं नोंदवतात. पण तू घर बघताना दोन्ही प्रश्न वेगळे विचार. नवा रंग फक्त स्थितीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, तेही वरवरचं.

आपल्या सोलापूरची काळी माती तर तुला माहीतच आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया खाली मुरमापर्यंत नेला नसेल तर घर हलतं. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, त्यांच्याकडं आधी बघ. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक रेषांनी बिचकू नकोस, त्या बहुतेक घरांत असतात. न्हाणीघराच्या मागची भिंत आणि टाकीखालचा स्लॅब मात्र नीट बघ. पोपडे सुटलेत का, ओल आहे का, स्लॅबमधून गंजलेली सळई डोकावतेय का? व्हॅल्युअरही तिथंच फोटो काढतो. शक्य असेल तर एखाद्या चांगल्या पावसानंतर पुन्हा एक चक्कर मार.

तुझ्या सासूबाईंना पेठेतलं माळवदाचं घर आवडलंय म्हणालीस. उन्हाळ्यात तसा गारवा कुठं मिळतो, खरंच. पण दगड-मातीच्या बांधकामाचं उरलेलं आयुष्य कमी धरतात, मग कर्ज बरंचसं जागेच्या किमतीवर येतं. आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात तसलीच जड घरं माणसांवर कोसळली, हे आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. घ्यायचंच असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नकोस.

कागदांचं म्हणशील तर मंजूर नकाशा हातात घेऊन खोल्या मोज. वर चढवलेली खोली नकाशात नसेल, तर बँक तिची किंमत धरेल अशी आशा ठेवू नकोस. हद्दवाढ भागात गुंठेवारीचे प्लॉट पुष्कळ आहेत. नियमित केल्याचा कागद आधी माग, नुसत्या नोटरीवर जाऊ नकोस.

आता पैशाचं. समजा सौदा ३० लाखांचा ठरला आणि व्हॅल्युअरनं २७ लाख धरले. बँक कमी आकडा घेते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानं जास्तीत जास्त ९० टक्के मिळतात, म्हणजे २४ लाख ३० हजार. तू २७ लाख धरून चालली होतीस, तर २ लाख ७० हजारांचा खड्डा पडला. मुद्रांक शुल्क त्यात धरतच नाहीत, ते निराळं. म्हणून इसार थोडाच दे, आणि कर्ज मंजूर झालं नाही तर तो परत मिळेल, असं इसार पावतीत लिहूनच घे. तोंडी आश्वासनावर राहू नकोस हं.

आकडा कमी आला तर रडत बसायचं नाही. जागेचा दर किती धरला, घट किती केली, हे बँकेत विचार. मोजमाप चुकलं असेल तर लेखी कळव. किंमत बरोबरच वाटली तर तीच मालकासमोर ठेव आणि भाव उतरवून माग. तू घासाघीस करू शकतेस, मी पाहिलंय तुला. आणि खरेदीखत तुझ्या एकटीच्या नावावर करता येतं का, ते घरी बोलून ठरव. राहतं घर फक्त बाईच्या नावानं घेतलं की आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.